टेकडीखालचा मोकळा पट्टा

लास पालोमास, १९ फेब्रुवारी

आपा,

हे पत्र गुमारोकाकांच्या हाती देतेय. तुमच्याकडे रेंज नाही, आणि असती तरी माझा फोन तुम्ही उचलला नसता, म्हणून कागद. काका मंगळवारी चीज भरायला तुमच्याकडे येतील तेव्हा आधी पत्र देतील, मग चीज उचलतील, असं ठरलंय. म्हणजे चुलीत घालायच्या आधी निदान तेवढा वेळ तरी ते तुमच्या हातात राहील.

मी तुमच्या कुंपणाला लागून, लास पालोमासच्या रिकाम्या घरात उतरलेय. विद्यापीठाच्या पाहणीचा हंगाम आहे, पाऊस येईपर्यंत. बरोबर यादिरा नावाची विद्यार्थिनी आणि तिच्या वर्गातल्या तिघी. काम तेच, ज्याच्या नावानं तुम्ही बोटं मोडता. जळलेल्या आणि न जळलेल्या जमिनीवर दोऱ्या ताणायच्या, बुफेल गवत किती शिरलं, त्यापायी काय काय मेलं, ते नोंदवायचं.

माफी मागायला लिहीत नाही. आधीच सांगून टाकते, उगाच त्या आशेवर शेवटपर्यंत वाचायला नको. दोन वर्षांपूर्वी पशुपालक संघाच्या सभेत बुफेलबद्दल मी जे बोलले ते खरं होतं. फोटो आपल्याच रानाचा लावला, कारण दुसऱ्याच्या रानाचा लावला असता तर लोक म्हणाले असते, बापाचं झाकून ठेवते. तुम्ही सगळ्यांसमोर हॅट डोक्यावर ठेवलीत, उठलात आणि दारातून म्हणालात की माफी मागेपर्यंत एल रेप्रेसोच्या घरात पाऊल टाकू नकोस. नाही टाकत.

मागणं एकच आहे, अमाच्या टेकडीचं. कुंपणाच्या खालच्या बाजूला तुमचं बुफेलचं रान, वरच्या बाजूला टेकडी. यंदा हिवाळ्यात पाऊस बरा झाला, गवत कमरेला लागतंय. मेपर्यंत ते वाळून कागद होईल. मग आग लागली तर कॉफी गाळून होईपर्यंत ती टेकडीच्या माथ्यावर पोचेल. तिथल्या सावारो आणि पिताया निवडुंगांना आग माहीतच नाही. आपल्या रानात आग पसरायची नाही, कारण एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत उघडी माती असायची. आता तिथं गवत आहे. टेकडीवरही खडकाखडकात त्याची बेटं झालीत, पण ती पाऊस पडून जमीन मऊ झाल्याशिवाय मुळासकट निघायची नाहीत. आत्ता निघेल ते पायथ्याचं. कुंपणाच्या वरच्या बाजूनं रुंद पट्टा उपटून, खरवडून मोकळा करू द्या. राबू आम्ही, तुम्ही नुसतं हो म्हणा.

जूनमध्ये अमा लांब काठी घेऊन पितायाची फळं काढायला चढायची ती ही टेकडी. तुमचं-माझं भांडण त्यात आणू नका.

निकोलासा


लास पालोमास, १३ मार्च

आपा,

काकांनी निरोप पोचवला. जसाच्या तसा सांगा म्हटलं, तर आधी म्हणाले, बाईमाणसासमोर सांगण्याजोगा नाही. दोन कप कॉफी पोटात गेल्यावर सांगितला. मी म्हणे खाल्ल्या घरचे वासे मोजते. ज्या गवतानं मला शिकवलं त्यालाच शिव्या घालते.

शिकवलं, नाकारतेय कोण? सरकारनं बी वाटलं, ट्रॅक्टर आले, मेस्कितेची झाडं आडवी झाली आणि त्यावर तुम्ही बुफेल पेरलंत तेव्हा मी पहिलीत होते. वासरं धष्टपुष्ट झाली. एर्मोसियोतलं माझं कॉलेज, खोलीचं भाडं, पुस्तकं, सगळं त्या वासरांच्या जिवावर. हे मी सभेतही बोलले होते, पण तोवर तुम्ही हॅट घालून बाहेर पोचला होता.

मला राग कशाचा येतो सांगू? मी तुम्हाला दोष देते असं तुम्ही धरून चाललाय. मी देत नाही. तेव्हा सगळ्या सोनोरानं पेरलं, आणि ज्यानं नाही पेरलं त्याला लोक येडा म्हणाले. माझं म्हणणं एवढंच की ते कानामागून आलं आणि तिखट झालं. आता कुंपण ओलांडतंय. कुंपणाच्या आत ते तुमचं गवत आहे, टेकडीवर ते कुणाचंच नाही.

निरोपाबरोबर फडक्यात बांधलेलं अख्खं चीज आलं. चिठ्ठी नाही. काकांना विचारलं हे काय, तर म्हणाले, म्हातारा म्हणाला हे तिकडे टाक. टाकलं ते आम्ही खाल्लं. यादिरा ग्वायमासची, जन्म सगळा समुद्राकाठी गेला, असं चीज तिनं कधी चाखलं नव्हतं. अर्धं तिनंच संपवलं आणि मग विचारते, बाई, तुमचे वडील खरंच तेवढे वाईट आहेत का? मी म्हटलं, त्याहून वाईट आहेत, पण चीज चांगलं करतात.

आमचं बरं चाललंय. संध्याकाळी अंगणात बसून सगळ्या जणी मोज्यांतून आणि बुटांच्या नाड्यांतून बुफेलची कुसळं वेचतो, डब्यात गोळा करतो आणि जाळतो. नाहीतर पुढच्या रानात आम्हीच ते पेरत जाऊ. यादिरा म्हणते, डिग्री मोजे निवडून मिळते हे कुणी आधी सांगितलं असतं तर तिनं नर्सिंग घेतलं असतं.

पट्ट्याचं काय? काकांना विचारलं तर ते गाडीच्या खाली वाकून काहीतरी बघायला लागले. मी रेटून विचारलं नाही. तुम्हाला विचारतेय.

निकोलासा


लास पालोमास, १६ एप्रिल

आपा,

आज पट्टा राहू दे. तळं आटलं, गाई वाळकं गवत चघळून कोरड्या पडल्यात, म्हणून तुम्ही त्यांना खायला चोया निवडुंग भाजायला काढलेत असं काका सांगत होते. पाठीवर गॅसची टाकी, हातात बर्नर, आणि रानातून एका चोयावरून दुसऱ्या चोयावर. हे खरं असेल तर पुढचं दोनदा वाचा.

लहानपणी मी ओलं पोतं घेऊन तुमच्या मागे फिरलेय. बर्नरचा आवाज ऐकला की गाई कुठून कुठून धावत यायच्या. काटे तडतडून जळायचे, खालचा हिरवा रसाळ गर उघडा पडायचा, गाई तुटून पडायच्या आणि तुम्ही पुढच्या झाडाकडे निघून जायचात. मागे वळून बघायचा नाहीत. बघायचं कारणच नव्हतं. एखादा तुकडा धुमसत राहिला तरी खाली नुसती माती, आपोआप विझायचा. माझ्या पोत्याला कधी काम पडलं नाही. ते फक्त मला गप्प बसवायला होतं, हे मला पुढे कळलं.

तुमचे हात त्या मातीवर शिकलेत, आपा. ती माती आता उघडी नाही. चोयाच्या बुंध्यापर्यंत बुफेल आलंय आणि एप्रिलातच ते कडकडीत वाळलंय.

चोया भाजू नका असं म्हणत नाही. गाईंना पाणी कुठून देणार, ते मलाही दिसतं. जिथल्या तिथे भाजू नका, एवढंच. फांद्या तोडा, गाडीत टाका, उघड्या जमिनीवर आणा आणि तिथे भाजा. दुप्पट काम आहे, आणि तुम्ही एकटे आहात, तेही कळतं.

मी चाळीस वर्षं भाजतोय, एकदाही आग लागली नाही, असा निरोप येणार हे ठाऊक आहे. मीच लिहून टाकते म्हणजे काकांची जीभ वाचेल.

मला टेकडीची काळजी वाटते आणि तुमची भीती वाटते. अठ्ठ्याहत्तरचा माणूस, चारी बाजूंनी वाळलेलं गवत आणि पाठीवर गॅसची टाकी. ह्यात टोमणा नाही. मला झोप लागत नाही म्हणून लिहिलं.

निकोलासा


लास पालोमास, १० मे

आपा,

तुमचा निरोप मी काकांकडून तीनदा वदवून घेतला. कुंपणाच्या पलीकडे कोण काय करतं ते त्याला दिसत नाही म्हणावं, डोळे अधू झालेत. काका सांगताना इतके गंभीर होते की यादिराला खरंच वाटलं आणि ती म्हणाली, बिचारे. दोन टेकड्यांपलीकडच्या वासराच्या कानावरची खूण ओळखणाऱ्या माणसाचे डोळे अधू झाले! आम्ही पडत्या फळाची आज्ञा घेतली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो.

जमीन दगडासारखी आहे. टिकाव उसळून येतो. मुळं पुरती निघत नाहीत, म्हणून बुंधे तोडून, गवत ओढून, खाली माती दिसेपर्यंत खरवडायचं. उपटलेलं सगळं पोत्यांत भरून गाडीनं बाहेर. पोरींच्या हातांना फोड आले, मग फोड फुटले, मग त्या गाणी म्हणायला लागल्या. ओसाड रानात ती बेसूर गाणी तुमच्यापर्यंत येत असणार, त्याबद्दल मात्र माफी मागते.

काल तुम्ही घोड्यावर कुंपणापर्यंत आलात. मी यादिरापासून दोन हातांवर होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत आणि तिला म्हणालात, "पोरी, तुझ्या बाईला सांग, टोपी मोठी घाल म्हणावं. लहानपणीही अशीच नाक भाजून घ्यायची आणि मग रात्रभर आईला जागवायची."

यादिरानं माझ्याकडे तोंड वळवलं आणि सगळं शब्दाला शब्द मला सांगितलं. मी म्हटलं, त्यांना सांग, ऐकलं. तिनं तेही तुम्हाला सांगितलं. तुम्ही घोडा वळवलात. तुमचे खांदे हलत होते. खोकला होता का हसू, ते पाठीवरून कळलं नाही.

पट्टा या आठवड्यात पुरा होतोय. चोयाबद्दल तुमच्याकडून अजून एक शब्द आलेला नाही, म्हणून पुन्हा लिहिते. आता या सगळ्या रानात त्या पट्ट्याइतकी स्वच्छ उघडी जमीन दुसरीकडे कुठे नाही. कुंपणाला फाटक आहे, गाडी आत येते. भाजायच्या तर चोया तिथं आणून भाजा. तिथून आग कुठेही जाणार नाही. हा माझा शब्द, आणि तो मी कागदावर देतेय.

आज मोठी टोपी घातली होती.

निकोलासा


लास पालोमास, २१ जून

आपा,

डाव्या हाताची पट्टी सोडायची नाही. मलम सकाळ-संध्याकाळ. फोड फोडायचे नाहीत. भुवया येतील परत. काकांना सांगितलंय की पट्टी सोडलेली दिसली तर चीज न उचलता गाडी वळवायची.

गुरुवारी दिवसभर आपण टेकडीवरच्या आगीवर एकमेकांशेजारी ओली पोती आपटत होतो. मी तुम्हाला पाणी दिलं, तुम्ही मला फावडं दिलंत, पण बोललो मात्र काही नाही. कसं झालं ते मला काल काकांकडून कळलं.

म्हणजे तुम्ही पट्ट्यावर भाजत होता. मी लिहिलं तेव्हापासून, महिनाभर. फांद्या तोडून, गाडीत घालून, फाटकातून आत आणून, उघड्या मातीवर. दुप्पट काम, एकट्यानं. कळवलं मात्र नाहीत. मी इथे रोज रात्री तुमच्या रानाकडे धूर दिसतो का बघत होते आणि तुम्ही माझं ऐकून बसला होता.

आणि मग ला पिंता. पहिला घास तिलाच हवा असतो, कालवड होती तेव्हापासून. गाईंना फाटकाबाहेर थोपवलं होतंत, ती ढकलून आत आली आणि ढिगात तोंड घातलं. एका बाजूनं जळलेला, दुसऱ्या बाजूनं काटे शाबूत असलेला तुकडा तिच्या गालाला चिकटला. आत निखारा होता. ती बिथरली. खाली तुम्ही आणि बर्नर, म्हणून वर पळाली. तुकडा गळून पडला तो खडकातल्या बुफेलच्या बेटात.

चोयाचा तुकडा गाईच्या अंगाला चिकटून दुसरीकडे जाऊन रुजतो हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. परीक्षेत प्रश्न घालते. तो धुमसत असतानाही चिकटेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुमच्याही आलं नाही. उघड्या मातीवर इतकी वर्षं जे कधी घडलं नाही, ते आठवणार कुठून?

पट्ट्यानं आपलं काम केलं. टेकडीवरची आग खाली उतरताना त्याच्यापाशी येऊन मेली. तुमचं घर, गाई, खालचं सगळं बुफेल, जसंच्या तसं. टेकडी गेली. करायला गेलो काय आणि झालं काय.

ला पिंता संध्याकाळी परत आली असं काका म्हणाले. गाल भाजलाय. तिलाही तेच मलम चालेल.

काल मी दिवसभर रडले. यादिराला सांगितलं, धुरानं डोळे चुरचुरतात. ती ग्वायमासची असली तरी मूर्ख नाही.

निको


लास पालोमास, ३ जुलै

आपा,

सभेचं कळलं. विद्यापीठाच्या पोरींनी सिगरेट टाकली असेल, असं कुणीतरी काढलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्यात एकही सिगरेट ओढत नाही. तुम्ही उठून म्हणालात, "आग माझ्या हातून लागली. पोरींचं नाव घेतलं तर गाठ माझ्याशी आहे." आणि मग मागून कुणीतरी हसत म्हणालं, जाऊ दे त्रिनी, पाऊस पडला की टेकडीवर झकास गवत येईल, तुझा तर फायदाच झाला.

तुमच्या हातून लागली नाही. जागा मी दाखवली, शब्द मी दिला. हे मी संघात येऊन सांगणार होते. काकांनी अडवलं. म्हणाले, बाप म्हणतो मी, लेक म्हणते मी, आग एक आणि मालक दोन. तुम्हा दोघांचं सुंभ जळलं तरी पीळ जायचा नाही.

पोरींचा हंगाम संपला, उद्या त्या जातील. यादिरा तुमच्यासाठी ग्वायमासची सुकवलेली कोळंबी पाठवणार आहे. खा. काटे नसतात.

निको


लास पालोमास, १८ जुलै

आपा,

सोमवारी तुम्ही टेकडीवर बोलावलंत. काकांनी निरोप दिला तेव्हा मी हातातलं काम टाकून आले. खेचरावर पाण्याचे कॅन लादून तुम्ही उभे होता. एका एका सावारोच्या बुंध्याशी आळं केलं होतंत, दगड लावून. भाजलेल्या हातानं. सगळं काळं, पालोवेर्देच्या झाडांचे कोळसे, पितायांचे झुबके वितळल्यासारखे खाली बसलेले. आणि त्यातून ते सावारो उभे, कमरेपर्यंत तपकिरी, वर हिरवेगार.

तुम्ही सरळ माझ्याकडे बघून विचारलंत, "जगतील ना?" दोन वर्षांत मला विचारलेला पहिला प्रश्न. मी म्हटलं, हिरवे आहेत. तुम्ही मान हलवलीत आणि दुसऱ्या झाडाकडे कॅन उचलून गेलात.

हिरवे आहेत हे खरं आहे. तुम्ही विचारलं ते हे नव्हतं.

नाही जगणार, आपा. त्या वेळी तोंडून निघेना, म्हणून लिहिते. सावारोच्या अंगात पाणी इतकं असतं की मेलेलं त्याला लवकर कळत नाही. पुढच्या मेमध्ये फुलंही येतील, फळंही धरतील, लोक म्हणतील वाचले. मग एक वाकेल, दोन वर्षांनी तीन पडतील, आणि पाच-सहा वर्षांत टेकडीवर एकही उभा नसेल. बुंध्याभोवती पुरती साल भाजलेला मोठा सावारो जगलेला मी पाहिला नाही. माझं कामच ते आहे, दर हंगामाला त्याच त्याच झाडांकडे जाऊन उभं आहे का पडलं ते बघायचं. चूक ठरले तर आनंदच होईल.

सगळंच गेलेलं नाही. परतीच्या वाटेवर मी उत्तरेच्या उतरणीवरून फिरले. मोठ्या खडकांच्या फटीत, जिथं गवत शिरलं नव्हतं, तिथं आग उडी मारून पुढे गेली. तिथं पालोफियेरोची तीन झाडं शाबूत आहेत आणि त्यांच्या सावलीत सावारोंची पिल्लं, अंगठ्याएवढी. पितायाचा एक झुबकाही आहे, पलीकडच्या कड्याला. अंगठ्याएवढ्याला माणसाच्या उंचीचं व्हायला आपल्या दोघांचं आयुष्य पुरायचं नाही, पण ती जिवंत आहेत.

पाऊस सुरू झाल्यापासून टेकडी हिरवी व्हायला लागलीये, ते तुम्हीही बघितलंत. ते बुफेल आहे. जळक्या बुंध्यांतून आठवड्यात वर आलं, आगीनं त्याला खतपाणीच मिळालं. सभेतला तो माणूस बरोबर बोलला, झकास गवत येणार. आता तुम्ही गाई वर सोडल्यात तर कुणी नावं ठेवणार नाही. टेकडी तुमची, गाई तुमच्या, आणि साल वाईट गेलंय. पण गाई चढल्या की पिल्लं तुडवली जातील, आणि गवत ठेवलं तर पुढची आग त्या फटींतही शिरेल. ते मुळासकट निघेल ते फक्त या दिवसांत, जमीन ओली आहे तोवर. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा दगड होईल.

यात मी काही मागत नाही. एकदा जागा सांगून झाली, तेवढं पुरे.

पाणी घालू नका असंही म्हणत नाही. कुणाला घालताय ते माहीत असू दे, एवढंच. मी महिनाअखेरपर्यंत इथे आहे.

निको


एल रेप्रेसो, २५ जुलै

निकोलासा,

गुमारो म्हणतो, निरोप वाहून वाहून त्याच्या जिभेला घट्टे पडले, आता ज्याचं त्यानं लिहावं. म्हणून लिहितो. अक्षराला हसू नकोस, उजवा हात बरा आहे पण सवय नाही.

सावारोंचं मला माहीत होतं. मागे कार्बोच्या रस्त्याला जळाले होते, तेही असेच हिरवे उभे होते, मग पडले. तरी तुला विचारलं. तू हिरवे आहेत म्हणालीस तेव्हा तुझे कान लाल झाले होते. मी समजलो. पण तू पत्र लिहिलंस ते बरं केलंस.

पाणी घालायचं मी थांबवणार नाही. तुझी आई आजारी होती तेव्हा तू एर्मोसियोत परीक्षेत होतीस, तुला आम्ही सगळं सांगितलं नाही. तुझ्या आईला डॉक्टरनं ईस्टरच्या आधीच सांगितलं होतं, की आता काही उपयोग नाही, घरी न्या. मी तिला पावसाळा संपेपर्यंत चमच्यानं सूप भरवलं. उपयोग नाही हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. ती रोज तोंड उघडायची.

आगीचं पुन्हा काढू नकोस. गाय माझी होती.

टेकडीचं फाटक मी तारेनं बांधून टाकलंय, गाई वर जाणार नाहीत. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. तीन गाई विकल्या, बाकीच्यांना खालचं गवत पुरतं. ला पिंता विकली नाही, तिला कोण घेणार त्या तोंडाची.

बुफेल उपटायला बुधवारी लागलो. ओल्या जमिनीत टिकाव जातो, पण कंबर धरते. दिवसाला थोडंच होतं. मी पायथ्यापासून उपटत वर येतोय. तू त्या तुझ्या खडकांपासून उपटत खाली ये.

तुझा बाप,
त्रिनिदाद